सयाजीअण्णाची सही

अवसरी बुद्रुकच्या सयाजी भोराला घरात कुणी फारसं विचारत नसे, पण घाटात त्याच्यावाचून पान हलत नसे. घाट म्हणजे बैलगाड्यांचा घाट. यात्रेत एकेक गाडा चढावर सुटतो, बारा सेकंदांच्या आत निशाणापाशी पोचला तर पहिल्या नंबरात बसतो, नाहीतर मालक तोंड पाडून बैल टेम्पोत चढवतो. ते सेकंद मोजायचं घड्याळ, मधली शर्यतबंदीची वर्षं सोडली तर, सव्वीस वर्षं सयाजीअण्णाच्या हातात होतं. जुन्नर-आंबेगावातल्या कुठल्याही गावची यात्रा असो, अण्णा टोपी नीट करून निशाणाजवळच्या खुर्चीत बसला की गाडामालकांचा जीव भांड्यात पडायचा. हा माणूस कुणाच्या बापाला ऐकणारा नाही, असं लोक म्हणायचे. अण्णाला ते ऐकायला फार आवडायचं. कुणी म्हणायचं विसरलं तर तो स्वतःच विषय काढायचा.

त्याचा एक नियम होता. सोयऱ्याचा गाडा सुटणार असला की घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि खुर्ची सोडून बाजूला उभं राहायचं. एका वर्षी त्याच्या मेव्हण्याचा, बाळासाहेबाचा, गाडा आला. अण्णानं घड्याळ शेजाऱ्याला दिलं. गाडा भन्नाट पळाला, पण शेजाऱ्याचा अंगठा उशिरा दाबला गेला आणि आकडा बाराच्या किंचित वर गेला. तो अंगठा उशिरा पडताना अण्णानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

"दाजी, तुमी बघितलंय," बाळासाहेब हात जोडून म्हणाला. "कमिटीला एवढं सांगा फकस्त."

"घड्याळ माज्या हातात न्हवतं," अण्णा म्हणाला.

बाळासाहेबानं त्या दिवसापासून बहिणीच्या घराची पायरी चढली नाही. सहा वर्षांनी तो छातीत कळ येऊन गेला, आणि अण्णाच्या बायकोला, अंजनाला, भावाचं तोंड बघायला मिळालं ते तिरडीवर. ही हकिगत अण्णा चारचौघांत अभिमानानं सांगायचा. अंजना चहाचा ट्रे घेऊन समोर उभी असली तरी थांबायचा नाही.

अशा माणसाला जावयानं आणि लेकीनं बघता बघता खिशात घातलं.

जावई आदेश आळ्याचा. आळेफाट्यावर त्याचं मोबाइलचं दुकान. बोलणं गोड, वागणं गरीब, डोकं मात्र चोवीस तास चालू. त्याला इंटरनेटवर कळलं की परदेशात लोक जुने व्हिडिओ गेम विकत घेऊन ठेवतात. खेळायला नाही, नुसते ठेवायला. टीव्हीला जोडून पोरं खेळायची त्या पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटी. त्यांचं खोकं फोडलेलं नसलं, वरचं प्लास्टिक शाबूत असलं, तर एखादी कंपनी ते तपासते, दहापैकी गुण देते, पारदर्शक डबीत कायमचं बंद करते आणि वर गुणांचं लेबल चिकटवते. गुण जितके चढे, तितकी किंमत चढी. आदेशनं पुण्यातल्या एका बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावरून अशी दीड-दोनशे खोकी उचलली आणि आपल्या दुकानाच्या माडीवर स्वतःच गुण द्यायची कंपनी काढली. नाव ठेवलं 'अव्वल'.

म्हणजे माल ह्याचाच, त्याला गुण देणार हाच, आणि तो विकायचा मोबाइलवरचा लिलाव चालवणारही हाच. कुणीही शहाणा माणूस चपला घालून निघून गेला असता. लोकांनी निघून जाऊ नये म्हणून आदेशला एक नाव पाहिजे होतं, आणि ते त्याच्या सासऱ्याकडे आयतं पडलेलं होतं.

"मामा, तुमी सेकंदाचा शंभरावा भाग पकडता," आदेश म्हणाला. "हितं तर खोकं जागचं हलत पन न्हाई. कोपरे बघायचे, प्लास्टिक बघायचं, गुण लिवायचे. लेबलावर तुमची सही."

"आन् खोकी कुनाची?"

"ते तुमाला कळनारच न्हाई. नुसता नंबर आसंल."

मालकाचं नाव कळणार नाही म्हटल्यावर अण्णा खूश झाला. हे तर घाटापेक्षाही चोख काम, असं त्याला वाटलं. सोयऱ्याचा गाडा असता तर तो उठून बाजूला झाला असता. पण खोक्याला शिंगं नव्हती, मालकाची आरोळी नव्हती, गुलाल नव्हता. त्यामुळे जावयाच्या माडीवर, जावयाच्या खुर्चीत, लेकीच्या हातचा चहा पीत बसलेल्या ह्या गृहस्थाला आपण कुणाचा गाडा मोजतोय हा प्रश्न एकदाही पडला नाही. प्रामाणिकपणा त्याच्या अंगात होता, नाही असं नाही. पण तो बैलांपुरता होता.

काम मात्र त्यानं जीव लावून केलं. भिंग घेऊन एकेक खोकं उलटंपालटं करायचा. कोपरा चेपलेला दिसला की सहा, प्लास्टिकला बारीक चीर असली की पाच. नऊच्या वर त्यानं कुणालाच दिले नाहीत. नंबर आणि गुण वहीत लिहायचा आणि मग लेबलावर सही करायचा, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी काढून.

कांद्याच्या लागवडीची घाई सुरू झाली तेव्हा लेक, अश्विनी, म्हणाली, "अण्णा, येरझाऱ्या कशाला घालता? लेबलावर सह्या करून ठिवा. वहीत बघून गुण आमी छापतो."

घड्याळाची किल्लीही कधी दुसऱ्याला न देणाऱ्या त्या माणसानं एका दुपारी दीडशे कोऱ्या लेबलांवर सह्या ठोकल्या आणि बोटं मोडत घरी आला.

'अव्वल'चा मग बोलबाला झाला. हायवेत जमिनी गेलेले लोक भरपाईचे पैसे घेऊन आळेफाट्याला यायला लागले. गेम म्हणजे काय, हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं. सयाजीअण्णाची सही हाय ना, मग झालं, एवढं पुरत होतं.

बिरदेवलाही तेवढंच पुरलं. बिरदेव गावाबाहेरच्या धनगरवस्तीवरचा. शंभर मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचा आणि पावसाच्या तोंडावर परत वर यायचा. जाता-येता त्याची मेंढरं अण्णाच्या रानात खतासाठी बसायची. वीस वर्षांचा हा रिवाज. यंदा बायकोचे, तुकाबाईचे, गुडघे धरले आणि तो उतरलाच नाही. आयुष्यभर चाललेल्या त्या दोघांना आता एका जागी बसायचं होतं, बाकी काही मागणं नव्हतं. आदेशनं सांगितलं की एक खोकं घेऊन ठेव, दोन वर्षांत तिप्पट होईल. बिरदेवनं चाळीस मेंढरं विकली आणि खोकं घेतलं. अण्णाला विचारायलाही आला नाही. विचारायचं काय त्यात, सही होतीच.

चैत्रात कांदे निघाल्यावर अण्णा रानात मेंढरं बसवायचं बोलायला वस्तीवर गेला. बिरदेवनं कौतुकानं देव्हाऱ्यातून ती डबी काढली. बिरोबाच्या टाकाशेजारी ठेवलेली, वर भंडारा वाहिलेला. अण्णानं उपरण्यानं भंडारा पुसला आणि सवयीनं डबी उजेडात धरली. खोक्याचा डावा कोपरा चेपलेला होता. हे खोकं त्यानं ओळखलं. ह्याला त्यानं सहा दिले होते. लेबलावर नऊ पूर्णांक चार छापलं होतं, आणि खाली शेपटी काढलेली त्याचीच सही होती.

"चांगलं हाय न्हवं, अण्णा?" तुकाबाईनं विचारलं.

अण्णानं डबी तिच्या हातात परत दिली. ऊन झालंय, निघतो, असं काहीतरी पुटपुटला आणि मेंढरांचं न बोलताच उठला.

तिथून त्यानं थेट आळेफाट्याची एसटी धरली. माडीवर आदेश कुणाशी तरी फोनवर हसत होता. सासऱ्याचा चेहरा बघून त्यानं फोन ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. पुढचं सगळं अश्विनीच बोलली.

"कंपनी माज्या नावावर हाय, अण्णा. खोकी बी माजीच. लिलावात बोली चढवनारे ह्यांचे दोस्त हायेत, आमीच बसवलेत. जावा, सांगा गावाला. पोलिस आधी मला नेतील. मंग तुमाला, कारन सही तुमची हाय."

"बिरदेवनं चाळीस मेंढरं इकली," अण्णा म्हणाला.

"मी न्हाई सांगितलं त्याला इकायला. त्यानं तुमचं नाव बघून घेतलं."

आदेशनं सासऱ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. "मामा, बाजार असाच आस्तो. ज्यानं त्यानं आपलं बघायचं. तुमी फकस्त गप ऱ्हावा."

अण्णा पाणी न पिता उतरला. परतीच्या वाटेवर धनगरवस्तीचा फाटा लागतो. तिथं उतरून दोन वाक्यं बोलला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. एसटी थांबली, दोन बायका उतरल्या, एसटी निघाली. अण्णा खिडकीतून बाहेर बघत बसून राहिला.

चौथ्या दिवशी सकाळी बिरदेव आणि तुकाबाईच त्याच्या अंगणात आली. अंजना ओसरीवर कांदे निवडत होती. लेकीनं तिला फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं, आणि तिनं ते ऐकून पोटात घातलं होतं.

"अण्णा, एक सल्ला पायजे," बिरदेव उकिडवा बसत म्हणाला. "आदेशराव म्हनत्यात, एकट्या खोक्याला गिऱ्हाईक न्हाई, जोड लागती. दुसरं घेतलं की दोन्ही मिळून हातोहात जातील. ऱ्हायलेली साठ मेंढरं काढावी लागतील. व्यापाऱ्याला सांगून ठिवलंय, उद्या टेम्पो ईल. पन आदेशराव पडले धंद्याचे मानूस. तुमचं तसं न्हाई. तुमी नगं म्हना, टेम्पो माघारी धाडतो."

अंजनाचे हात थांबले.

'नको' एवढाच शब्द होता. पण नको म्हटलं की बिरदेव विचारणार, का? आणि त्या 'का'च्या मागं अश्विनी उभी होती, तिच्या मागं पोलिस. शिवाय भैरवनाथाची यात्रा पंधरा दिवसांवर आली होती, आणि कमिटीनं यंदा घाटातच अण्णाला फेटा बांधून सत्कार करायचं ठरवलं होतं. पुढं अण्णा स्वतःला सांगत राहिला की आपण लेकीसाठी केलं. ते निम्मंच खरं होतं. त्या क्षणी त्याला लेकीच्या आधी खुर्ची दिसली होती.

आधी त्यानं जुनीच वाट धरून पाहिली. "ते काय माज्या हातात न्हाई, बिरदेव."

बिरदेव हसला. "तुमच्या न्हाई तर कुनाच्या? सही कुनाची हाय?"

तुकाबाईनंही मान डोलावली. दोघं नवरा-बायको त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. वाट बघायची त्यांना सवय होती, घाई नव्हती.

"घे," सयाजीअण्णा म्हणाला.

बिरदेवनं त्याच्या पायांना हात लावला. तुकाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि जाता जाता म्हणाली, "आता ह्या वर्सापास्नं चालनं संपलं बगा."

ती दोघं वळणाआड गेल्यावर अंजना कांद्यांवरून नजर न उचलता बोलली. "माज्या भावाला एक खरा सबुद द्यायला तुमचं त्वांड उघडलं न्हाई. आन् ह्याला खोटा दिला."

तेवीस वर्षांत ती त्या विषयावर पहिल्यांदा बोलली होती. अण्णानं टोपी काढली, झटकली, परत घातली. ती उत्तरासाठी थांबली नाही. कांद्याची पाटी उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वस्तीवरून टेम्पो गेला. अवसरीच्या रस्त्याला लागताना मेंढरांचा कालवा अण्णाच्या ओसरीपर्यंत ऐकू आला. अण्णा त्या वेळी जेवत होता. त्यानं भाकरी संपवली, हात धुतले.

दिवस मावळायला बिरदेव आला. कुत्रं नेहमीप्रमाणं मागं होतं, पण राखायला काही उरलं नसल्यानं ते इकडंतिकडं हुंगत चाललं होतं. बिरदेवच्या एका हातात नव्या खोक्याची डबी होती, दुसऱ्या हातात दोरी, आणि दोरीला महिन्या-दीड महिन्याचं एक पांढरं कोकरू. त्याच्या कपाळावर तुकाबाईनं भंडारा लावला होता.

"साठातलं येवढं एकच राखलं, अण्णा. तुमच्यासाठी. आख्ख्या मुलखात खरं सांगनारा एकच मानूस, त्याला मोकळ्या हातानं कसं सोडायचं?"

कोकरू टेम्पो गेला त्या दिशेला दोरी ओढत होतं आणि सारखं ओरडत होतं.

"आईला टेम्पोत घातल्यापास्नं वरडतंय," बिरदेव म्हणाला. "त्येचं काय मनावर घिऊ नका. दोन दिसांत गप व्हईल."

अण्णाला नको म्हणता आलं नाही. नको म्हटलं असतं तर बिरदेवनं का म्हणून विचारलं असतं. त्यानं हात पुढं केला आणि दोरी घेतली.