अडकलेली डिस्क आणि वधू-वर सूची

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पर्वत पाटिया या वस्तीत माझं टायपिंगचं दुकान होतं. आमच्या खानदेशी समाजाच्या वधू-वर मेळाव्यासाठी दोनशे मुलामुलींची माहिती मी कॉम्प्युटरवर घातली होती, आणि छपाईच्या आदल्या दिवशीच तो सुरू होईना.

शेजाऱ्यांनी एक मेकॅनिक पाठवला. तिशीचा, किडकिडीत, खिशाला पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर. त्याने हार्ड डिस्क काढून कानाशी धरली, डोळे मिटले आणि घरच्या अहिराणीत म्हणाला, “ताई, मरेल नही, अडकेल शे.” म्हणजे मेलेली नाही, नुसती अडकली आहे.

मग वायरी जोडून, डिस्क तळहातावर घेऊन त्याने मनगटाला जोरात हिसका दिला. डिस्क घूं करत फिरायला लागली.

“आता मी हलत नाही, नाहीतर परत अडकेल. तुम्ही फ्लॉप्या भरा.”

तो पुतळ्यासारखा उभा राहिला. नाकावर माशी बसली, ती मी वहीने हाकलली. मला हसू फुटलं.

“हसवू नका ताई, हात हलेल,” म्हणता म्हणता तोच हसायला लागला, फक्त हात तेवढा स्थिर.

शेवटची फ्लॉपी भरली तेव्हा आम्ही दोघंही वेड्यासारखे हसत होतो. मी चहा मागवू लागले तर तो लाजला.

“सूचीत एखादी जागा असेल तर…”

मी लगेच लिहून घेतलं. वय, शिक्षण, उंची.

“अपेक्षा?”

“हसरी असली म्हणजे झालं.”

मी तेच छापलं. मेळाव्यानंतर त्याची चौकशी करायला पाच मुली दुकानात येऊन गेल्या, आणि पाचही जणी हसत आल्या.