भागीबाईची पालथी पाटी

भागीबाईला कोणी ‘मॅडम’ म्हटलं की ती तोंडाला पदर लावून हसायची. मॅडम कसली हो! चौथी शिकलेली, पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची विधवा. पण २००६ साली सरकारी अनुदानातून पाड्यावर एचआयव्हीच्या तपासणीची खोली निघाली, तेव्हा घरोघर फिरून माणसं आणायला तिलाच नेमलं. नवरा सोमा याच आजाराने गेलेला, आणि ती स्वतःही गोळ्यांवर.

अनुदानाबरोबर एक पाटीही आली. लाकडी, चांगली सहा फूट लांब, वर ठसठशीत अक्षरांत आजाराचं नाव. ती दाराशी लावली आणि झालं! महिनाभर खोलीकडे चिटपाखरू फिरकलं नाही.

भागीबाईला त्याचं नवल नव्हतं. सोमा द्राक्षबागेत कामाला असताना, चांगला धडधाकट असताना, नाशकात तपासायला गेला होता. दारावरची असलीच पाटी वाचली, बाकावर ओळखीचा मुकादम दिसला, आणि गडी आल्या पावली परत! दोन वर्षांनी त्याला झोळीत घालून दवाखान्यात न्यावं लागलं. “तवाच आत शिरलो असतो तं...” एवढंच म्हणाला बिचारा.

शेवटी तिने दाराची पाटी उतरवली, विटांवर पालथी टाकली, बाक केला. खोलीत तपासणाऱ्या डॉक्टरांना म्हणाली, “येईल त्याचा ताप बघा, खोकला बघा, मंग समजावून रक्त घ्या.” बाया येऊ लागल्या.

आणि एक दिवस जिल्ह्याहून साहेब हजर!

“पाटी कुठाय? फोटो लागतो. नाहीतर अनुदान बंद होईल.”

भागीबाईने बाकाकडे बघितलं. पाटीवर सहा बाया बसलेल्या. टोकाला पोटुशी सविता, भागीबाईने तिच्या घरी चार खेपा घातल्यावर आज कुठे आलेली.

ती साहेबांना बाजूला घेऊन हळूच म्हणाली, “पाटी हाय साहेब, त्या बसल्यात तीच. पन आता उलटू नका. ती पोरगी आज उठून गेली तं परत यायची नाय. माझा नवरा असाच गेला.”

साहेब कॅमेरा पिशवीत टाकून बाहेर झाडाखाली जाऊन बसले. सविता आत गेली, रक्त देऊन घरी गेली. दुपार कलली, शेवटची बाई उठली, तेव्हा ते आले. पाटी उलटली, फोटो काढला. भागीबाई पुढे होणार, तोच त्यांनी स्वतःच ती उचलली आणि विटांवर पुन्हा पालथी घातली.