काकांचं उडियातलं पान

काकांच्या दुकानात गिऱ्हाइकाला आधी त्याची बोली मिळायची, मग साडी. गुजराती मुलखातल्या लिंबायतच्या त्या गाळ्यात ते धुळ्याकडच्या बायांशी अहिराणी, शेजारणींशी गुजराती आणि मागावरच्या उडिया कामगारांशी मोडकंतोडकं उडियाही बोलायचे. "माणूसले त्यानी बोलीमा हाक मारी का तो पायरी चढसच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मग त्यांच्या एकुलत्या एक लेकीनं, सुमननं, शेजारच्याच उधन्यातल्या एका उडिया कामगाराशी लग्न केलं. काका त्याच्या खोलीवर गेले आणि सगळ्या सोबत्यांसमोर त्याला शिव्या दिल्या, त्याही उडियात. नवराबायको खोली सोडून गेली, कुठे ते आम्हाला कळलं नाही. तेव्हापासून उडिया गिऱ्हाईक आलं की काका काहीतरी शोधायला आत जात. लग्नकार्यात मांडवाच्या टोकाला, चपलांपाशी बसत. लाज आम्हालाही वाटायची, पण ती सुमनच्या लग्नाची. काकांना स्वतःच्या शिव्यांची वाटत होती, हे आमच्या टाळक्यात आलंच नाही.

नव्वदीचं दशक सरता सरता मी कॉम्प्युटर शिकलो आणि दुकानाची वेबसाइट करायचं डोक्यात घेतलं. लोक आपापल्या भाषेत शोधतात, जितक्या भाषांत पानं तितक्यांना आपण सापडणार, असं काकांना समजावलं.

"मराठी, गुजराती, हिंदी," काका म्हणाले. "आनि उडिया. त्यामा लिख, जावईबापूसनी मानथीन घर येवानं."

"शिव्या दिल्या त्यालाच मानानं बोलावणं?" मी विचारलं.

"जावईले बोलावनं नही, त पोर कशी येई माहेरले? पत्ता इचाराले तोंड शे का मनं?"

उडिया अक्षरं चित्र म्हणूनच टाकता येत होती आणि चित्रातला मजकूर सर्च इंजिनला वाचता येत नव्हता. म्हणून खाली तोच मजकूर इंग्रजी अक्षरांतही हवा होता. काकांचं उडिया मोडकं; तो नीट सांगणार कोण? शेवटी काकांना उधन्याच्या त्याच खोलीवर जावं लागलं. उंबऱ्याबाहेर चपला काढून ते खाली बघत उभे राहिले. एका वयस्क कामगारानं सगळं ऐकून घेतलं.

"वेबसाइट किसलिए, सेठ? वो दोनों तो कामरेज में हैं. किसी से भी पूछ लेते."

कामरेज! शहर संपलं की आलंच, इतकं जवळ. "इतली जोडे व्हती पोर?" परतताना काका एवढंच पुटपुटले.

रविवारी आम्ही कामरेजला गेलो. त्या कामगाराकडून शिकून घेतलेलं माफीचं एक उडिया वाक्य काका बसमध्ये घोकत होते. दार सुमननं उघडलं. मागून जावई आला. काका तोंड उघडणार तोच त्यानं खुर्ची पुढे केली.

"या मामा, बठा. पानी लई येस."

स्वच्छ अहिराणी. आमच्या घरात माझ्या पिढीतलं कुणी इतकी नीट बोलत नव्हतं.

घोकलेलं वाक्य काकांना आठवेना. ते खुर्चीवर बसलेच नाहीत, जमिनीवर बसले.

"मी तुले तुन्ही बोलीमा शिव्या दिन्यात," ते म्हणाले, "आनि तू मन्ही बोली शिकना?"

जावयानं आणलेला पाण्याचा तांब्या दोन्ही हातांत धरून ते रडत राहिले. त्याच्याकडे मान वर करून बघणं त्यांना जमलं नाही.