भरलेली जीप

रिह्याहून नांद्याला जायचं तर वडाप, आणि वडाप म्हणजे माणसं भरल्यावरच हलणारी जीप. माझ्या चुलत दिरानं ती घेतली तेव्हा गावानं पेढे खाल्ले, पण बसायला कुणी येईना. रिकामी जीप कधी हलेल याचा भरवसा नसतो, म्हणून बायका तिच्याकडे बघून सरळ शेताची वाट धरत. आणि बायका बसत नाहीत म्हणून जीप हलत नसे. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातली गत.

बाकी कुणाचं यात काही अडलं नव्हतं. माझ्या धाकट्या जावेचं अडलं होतं. नांद्यात जिथं भात व्हायचा तिथं आता उंच इमारती आहेत, आणि तिथल्या एका पाळणाघरात तिला काम मिळालं होतं. लग्न झाल्यापासून तिथंच तिला पहिल्यांदा कुणी नावानं हाक मारली. पण पाळणाघराच्या बाईंनी बजावलं होतं, असा रोज उशीर झाला तर दुसरी बघावी लागेल.

दिरानं वडापवाल्यांचा नेहमीचा तोडगा काढला. गाडी भरत आल्यासारखी दिसावी म्हणून आधी आपलीच माणसं आत बसवायची. त्यानं चहाच्या बोलीवर पारावरचे सगळे म्हातारे उचलले. टोप्या सावरत ते वऱ्हाडी असल्यासारखे बसले. जीप छान भरलेली दिसली आणि एकही बाई जवळ फिरकली नाही. सगळी भावकीच, त्यातला प्रत्येक जण आम्हा सुनांपैकी कुणाचा सासरा, कुणाचा थोरला दीर. त्यांच्या मांडीला मांडी लावून कोण बसणार?

"गाडी भरल्याली दिसती, तरी बाया का येईनात, वहिनी?" दिरानं मला विचारलं. मला हसू आवरेना.

जाऊ मात्र हसली नाही. "त्यास्नी उतरवा," ती म्हणाली. "आन गाडी भरो न्हाईतर न भरो, रोज येळंवर सोडा. ताई, तुमी बसा माझ्यासंगं. बाया बाईला बघून येत्यात."

मला नांद्यात काडीचं काम नव्हतं. पण तिचं काम जायला नको, म्हणून मी डबा घेऊन, कामाला निघाल्यासारखी खिडकीशी बसू लागले. सुरुवातीला गाडीत आम्ही दोघीच. दीर डिझेलच्या नावानं बोटं मोडत गाडी हाकायचा. मग वरच्या वाडीतली एक बाई आली. ती मजुरीला जायची. जावेनं तिला इमारतीत स्वयंपाकाचं काम बघून दिलं. तिच्यामागून तिची नणंद आली. पुढं इमारतीतल्या बायकाच जावेला विचारू लागल्या, आणखी कुणी आहे का गं तुमच्याकडची? गाडी वेळेवर येते म्हणून तिकडं कामं निघू लागली, आणि कामं आहेत म्हणून इकडं बायका. मी यात काहीच केलं नाही, नुसती बसले.

बसता बसता मात्र मला सवय लागली. नांद्यात उतरायचं, टपरीवर दुसऱ्यानं केलेला चहा प्यायचा, जीप गावाकडं परत फिरेपर्यंत रस्त्याकडे बघत राहायचं. मला ते फार आवडायचं. घरी हे मी बोलले नाही. आमच्यात अशा सुखाला रिकामटेकडेपणा म्हणतात.

एका सकाळी जीप वरच्या वाडीतूनच भरून आली. आत जागा उरली होती ती एकीपुरती. दीर समोरच्या काचेतून रस्ता बघत राहिला. जाऊ चढली आणि खाली वाकून म्हणाली, "ताई, आता तुमी न्हाई आलात तरी चालंल. लई दिस ताटकळलात माझ्यापायी." तिचा चेहरा खुलला होता. आपण मला मोकळं केलं, असंच तिला वाटत होतं.

"बरं झालं बाई," मी म्हटलं. मला अतिशय वाईट वाटलं.

जीप गेली. डबा हातातच होता, तो मी पायरीवर बसून खाल्ला. मग चहाची तल्लफ आली, तेव्हा उठून चुलीकडे गेले.