रस्त्यासाठी ठेवलेला बाक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माझ्या गाइडला तर नाहीच. तुम्हाला सांगायला बसले आहे, पण थेट मुद्द्यावर येणं जमेल का—बघू.

आधी माझ्या कामाचं सांगते. मी क्योतोत पीएचडी करत होते. विषय, मध्ययुगाच्या अखेरीच्या जर्मन शहरांतली मृत्युपत्रं. पुण्याची मुलगी जपानात बसून जर्मनांची मृत्युपत्रं वाचते, यावर घरी भरपूर चेष्टा झाली. होऊ दे. मी त्या शहरांच्या प्रेमातच पडले होते. ल्यूबेकमध्ये मृत्युपत्र करायचं तर नगरसभेचे दोन सभासद साक्षीला लागत. प्लेगच्या साथीत माणसं पटापट मरत होती, तरी हे साक्षीला उभे राहिलेले कागदांवरून दिसतात. आणि नातेवाइकांच्या वाटण्या नंतर—आधी थोडं काहीतरी ‘रस्त्यांसाठी आणि पुलांसाठी’ ठेवायचं. जाणाऱ्या माणसाने उद्या चालणाऱ्यांची सोय करून जायचं. किती शहाणी माणसं, नाही?

हे सगळं कौतुकाने ऐकणारं एकच माणूस होतं, तोक्योच्या फुनाबोरी भागात राहणाऱ्या सुमनमावशी. आईची मैत्रीण. तिकडे काम निघालं की माझा मुक्काम त्यांच्याकडे. काका गेल्यावर मुलाने अमेरिकेला बोलावलं, तरी त्या इथेच राहिल्या. २०११च्या मोठ्या भूकंपाच्या दिवशी गाड्या बंद पडल्या, तेव्हा दुखरा गुडघा घेऊन त्या शहरातून चालत निघाल्या. नदीवरचा पूल ओलांडला आणि पाय उचलेना. तिथे एका तोफूवाल्या आजींनी दुकानातल्या खुर्च्या बाहेर मांडल्या होत्या. ‘तिथे टेकले नसते तर घर काही गाठलं नसतं,’ हे मावशी दरवेळी सांगायच्या.

काही वर्षांनी त्या आजारी पडल्या. त्यांचं मन रमावं म्हणून मी सांगत होते, की काही जर्मन शहरांत देणारा स्वतःच्या पायांवर उभा राहिला तरच त्याचं देणं ग्राह्य धरत. मावशी पलंगावरून उठल्या. भिंतीला हात न लावता उभ्या राहिल्या.

“बाल्कनीतला ह्यांनी केलेला बाक आहे ना, तो त्या तोफूवाल्या आजींना द्यायचा. दुकानाबाहेर राहू दे, येणाऱ्याजाणाऱ्याला टेकायला. हे माझं रस्त्यासाठी. ऐकलंस ना?”

“मावशी, साक्षीदार दोन लागतात.”

“आता दुसरा कुठून आणू? तूच दोघांचं काम कर.”

मी हसत हो म्हटलं. काय बाई होती! सगळं आयुष्य जिथे पाहुणी म्हणून काढलं, त्या गावच्या रस्त्याला आपलं काहीतरी देऊन जायचं—हे सुचायला केवढं मन लागतं?

मावशी गेल्या. त्यांचा मुलगा, माधवदादा, अमेरिकेहून घर रिकामं करायला आला. मी मदतीला गेले. दुसऱ्या दिवशी मला क्योतोत सेमिनारमध्ये बोलायचं होतं—कशावर, तर मृत्युपत्राच्या साक्षीदारांवर. तोफूवाल्या आजींचं दुकान जवळच होतं. पण तिथे जायचं, मोडक्या जपानीत आजींना सगळं समजावायचं, त्या नको म्हणाल्या तर ओशाळं होऊन परत यायचं... गाडीची घाई होती, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. पुढची गाडी मिळाली असती. मला कंटाळा आला होता, आणि लाज वाटत होती. एवढंच.

माधवदादाने बाकाकडे बघत विचारलं, “आईने ह्याचं काही सांगितलं होतं का गं?”

“नाही,” मी म्हटलं.

आणि मनात काय म्हटलं असेल? साक्षीदार एकच होता, तेव्हा ते धरायचं कारण नाही. ज्या शहरांवर मी एवढा जीव टाकला, त्यांचा नियम मला असा उपयोगी पडला. तिथे मोठी वस्तू कचऱ्यात द्यायची तर पैसे भरून स्टिकर लावावं लागतं; ते मीच बाकावर चिकटवलं. दोघांनी तो उचलून खाली नेला, आणि कचऱ्याच्या गाडीसाठी रस्त्याच्या कडेला ठेवला.

सेमिनार छान झाला. ठरल्या शब्दाला जागणाऱ्या साक्षीदारांबद्दल मी मनापासून बोलले. सगळ्यांना तोच भाग आवडला.

एक सांगायचं टाळत होते. माधवदादाने विचारलं आणि मी नाही म्हटलं, तेव्हा मी त्याच बाकावर टेकले होते.