उजव्या चाकाचं राहिलं होतं

माझ्या बापानं गणू हमालाला मारलं नाही.

हे मी नव्वदी ओलांडल्यावर फेसबुकवर लिहितेय, कारण परवा सांगलीत एका लग्नात मला बघून कुणीतरी शेजारणीला म्हणालं, "त्या ब्रेकवाल्या मिस्त्रीची लेक."
जेवले नाही मी. ताट ठेवून उठले.

आज आप्पांची पुण्यतिथी. नात म्हणते, आजी शॉर्ट लिही, लोक स्क्रोल करून जातात.
जाऊ देत.

आप्पा दुसऱ्या महायुद्धात फौजेच्या वर्कशॉपमध्ये होते. तिथून हायड्रॉलिक ब्रेकचं काम शिकून आले. लढाई संपल्यावर सांगलीच्या एका अडत्यानं लष्करी लिलावातून फोर्कलिफ्ट आणली, पुढं दोन लोखंडी काटे असलेली, हळदीची पोती उचलायला. हौस दांडगी, पण ब्रेक लागेनात. म्हणून आप्पांना बोलावलं.

मी पंधरा वर्षांची. डबा घेऊन जायची आणि बघत बसायची.

चाकाच्या आत एक छोटा सिलेंडर असतो. पेडल दाबलं की त्यात तेल येतं, पिस्टन बाहेर ढकलले जातात आणि ब्रेक लागतो. आप्पा टोकाचं रबर उचलून आत बोट फिरवायचे. ओलं लागलं तर आतला रबरी वॉशर गेला. मग सिलेंडर उघडून आतून नख फिरवायचे.
"नखाला चरा लागला की बाद. घासत बसायचं न्हाई."
वॉशर रॉकेलनं धुतलेले त्यांना खपायचे नाहीत. रबर फुगतं. ब्रेकच्याच तेलात बुडवून, कड आतल्या बाजूला करून ते बसवायचे.

डावं चाक झालं. उजव्यात बोट ओलं झालं आणि नखाला चराही लागला. जुना सिलेंडर तसाच परत बसवून ठेवला. नवा पुण्याहून आला तो खंडेनवमीला सकाळी.

आप्पांनी पाना हातात घेतला, तर मालक म्हणाले, "आज हत्यार उचलायचं न्हाई मिस्त्री. पूजेला लावा."
"तासाभराचं काम हाय मालक."
"सणासुदीला अपशकुन करता व्हय?"

आप्पांनी पाने पाटावर मांडले. हळदकुंकू वाहिलं. मग चाकांना विटा लावल्या आणि मालकांना म्हणाले, "उजव्या चाकाचं ऱ्हायलंय. ब्रेक लागायचा न्हाई. गाडी हलवू नगा."
"बरं बरं."

आप्पा आणि मी घरी जेवायला गेलो. तेवढ्यात मालकांना शकुनाचं पोतं उचलायची लहर आली. विटा काढल्या, पुतण्याला गाडीवर बसवलं.
म्हणजे पान्याला सण, गाडीला नाही.

उतारावर पेडल पार खाली गेलं. खाली गणू भिंतीला टेकून तंबाखू मळत होता.

मालकांनी पोलिसांना सांगितलं, मिस्त्रीनं काम अर्धवट टाकलं आणि आम्हाला बोललाही नाही.

आणि आप्पा. त्यांचाही राग येतो मला अजून. फौजदारानं विचारलं, तू बजावलंस ते कुणी ऐकलं? तर माझं नाव घेतलं नाही त्यांनी.

मी म्हटलं, मी जाते चौकीत. आई दारात आडवी आली. "पोरीच्या जातीनं पोलिसात बोलायचं न्हाई. लगीन हुयाचं हाय तुजं."
आप्पा खाली बघून म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी."
आणि मी राहू दिलं.

आम्ही साताऱ्याला आलो. आप्पांच्या आधी बातमी पोचली होती. ब्रेकला परत कुणी हात लावू दिला नाही. एवढा कसबी माणूस, स्टोव्हच्या पिना मारत म्हातारा झाला. माझं लग्न मात्र थाटात झालं. तिकडं सांगलीत मालकांच्या नावानं चौक झाला. संताप होतो.

मालक गेले, पुतण्या गेला, आई गेली. आता माझं कुठलं लग्न मोडायचंय?

गणूच्या घरचं कुणी वाचत असेल तर तुम्हालाच सांगते. गाडी हलवू नका, असं आप्पांनी मालकांना तोंडावर सांगितलं होतं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. या कानांनी ऐकलंय.

आप्पा, श्रद्धांजली कुठल्या तोंडानं वाहू. आधी मला माफ करा.