शहजादी पारापाशी अडली

वकिलाच्या ऑफिसात दोन गोष्टी साचतात, फायली आणि किस्से. फायलींचा कधी ना कधी निकाल लागतो. किश्श्यांना मात्र तारीख लागत नाही, कधीही उघडा! माझ्याकडचे बहुतेक किस्से सरोदेसाहेबांचे. नव्वदच्या दशकात हिंगोली कोर्टात मी त्यांचा ज्युनिअर होतो.

जनावरावर पोट असणाऱ्याला कुणी धमकावलं किंवा त्याच्या जनावराला इजा केली, की तो माणूस थेट साहेबांकडे यायचा. बाररूममध्ये त्यांना 'जनावरांचे वकील' म्हणत. साहेबांना त्याचा राग नव्हता, आणि मला तर अभिमानच होता.

* * *

एका कुंभाराच्या गाढवाचा पाय कुणीतरी कुऱ्हाडीने जायबंदी केला. 'इथून माती नेऊ नको' अशी धमकी आधीच आली होती. ठाण्यातला हवालदार हसायलाच लागला. "गाढवासाठी कायदा हाय व्हय साहेब?"

साहेबांनी पुस्तक उघडून कलम ४२९ वाचलं. "हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, बैल, गाय..."

"यात गाढव कुठं हाय?"

"पुढं ऐका. पन्नास रुपयांच्या वरचं दुसरं कोणतंही जनावर! आन हसू नका. हे गाढव सात माणसं पोसून राहिलं. तुमी किती पोसता?"

हवालदाराने बोटं मोजली. "पाच," म्हणाला आणि मुकाट्याने फिर्याद लिहून घेतली.

* * *

पुसेगावच्या एका दूधवाल्याच्या म्हशीवर शेजाऱ्याने कोयता चालवला होता. समोरचे वकील म्हणाले, जखम झालीच नाही. पुढच्या तारखेला आमचा दूधवाला म्हैसच घेऊन कोर्टात हजर! "पुरावा आणलाय," म्हणाला. म्हशीने आवारात असा हंबरडा फोडला, की आतलं कामकाज थांबलं.

जजसाहेब वैतागून बाहेर आले. "वकीलसाहेब, तुमच्या पक्षकाराला आवरा."

"पक्षकार आवरेल साहेब, पण साक्षीदार ऐकत नाही!"

हे उत्तर साहेबांनी पट्टेवाल्याच्या पाठीमागे उभं राहून दिलं होतं. कारण तेव्हाच मला कळलं. जनावरांच्या वकिलांना जनावरांची भयंकर भीती!

* * *

केस जिंकलेल्या एका शेळीवाल्याने आनंदाच्या भरात एक पाट, म्हणजे तरणी शेळी, ऑफिसात आणून बांधली आणि निघून गेला. साहेबांनी तासभर खुर्चीवर उभं राहून मला नोटीस सांगितली. नोटिशीत एक चूक नव्हती!

* * *

आता शेवटचा. हा माझ्याच लग्नाचा.

माझी सासुरवाडी औंढ्याजवळची. आमच्या बौद्ध समाजाचा नवरदेव त्या गावच्या मोठ्या गल्लीतून घोडीवर कधी गेला नव्हता. औंढ्याच्या रशीदचाचांची शहजादी नावाची घोडी आम्ही ठरवली. चार दिवसांनी चाचा ऑफिसात आले, तोंड उतरलेलं.

"वकीलसाब, बापूराव बोल्या, घोडी दी तो उसके पाव तोडता. पाव गये तो मेरा घर कैसा चलता?"

बापूराव म्हणजे त्या गावचं बडं प्रस्थ. मी म्हणालो, "चाचा, राहू द्या. मी चालत जाईन."

साहेब माझ्यावर कडाडले, "चूप बस!" त्यांनी बापूरावांना रजिस्टर नोटीस धाडली. धमकीचं ५०६, घोडीला हात लागला तर ४२९. ठाण्यात तक्रारही दिली. पोच आली तसे चाचा पुन्हा आले. "घोडी देता मैं. पन लगाम तुमी पकडायचा, साब."

साहेबांच्या तोंडचं पाणीच पळालं. तरी म्हणाले, "धरतो."

लग्नादिवशी उन्हात काळा कोट घालून साहेब लगाम धरून पुढे, वर मी, बाजूला चाचा, मागे दोन पोलीस. बाया गच्चीवर चढून बघत होत्या. माझे वडील बँडच्या मागे रडत चालले होते. एवढा अभिमान मला सनद मिळाली तेव्हाही वाटला नव्हता.

पण सगळ्या तयारीत एक गोष्ट विसरलो. प्रत्येक वरातीत नवरदेव मारुतीच्या पारापाशी उतरून पाया पडतो आणि तेवढ्यात घोडीला गूळ मिळतो. आम्ही बौद्ध, मारुतीला न थांबता सरळ मांडवात निघालेलो, हे शहजादीला कोण सांगणार? पारापाशी ती थांबली ती थांबलीच! आणि पारावर कोण? पारासमोरच घर असलेले बापूराव, चार माणसं घेऊन.

बँड थांबला. साहेबांनी लगाम ओढला, चाचांनी गोंजारलं. घोडी ढिम्म! पोलीस एकमेकांकडे बघू लागले.

शेवटी बापूरावच खेकसले, "वढून काय व्हतंय? गूळ लागतो तिला! माझ्या लग्नातबी हितंच अडली व्हती. आरं, आणा रे घरातून, काढा हिला माझ्या दारातून!"

गुळाचा खडा आला. बापूरावांनी तो साहेबांपुढे धरला. "हातावर ठेवा. चावत न्हाई ती."

साहेबांनी डोळे घट्ट मिटले आणि तळहात पुढे केला. शहजादीने गूळ खाल्ला, हात चाटला आणि पाऊल उचललं.

चाचा मोठ्याने म्हणाले, "चलो साब, निकल गया डर!"